हायपर फायटिंग पुन्हा खेळायला घेताना: वेगाशी हात कसा बसवायचा

जुन्या व्हिडिओ गेम पार्लरमधला स्ट्रीट फायटर आठवताना हवेतल्या हवेत हाडोकेन (हातातून सुटणारा ऊर्जेचा गोळा) सोडणारा रियू डोळ्यांसमोर येत असेल, किंवा लढत चालू असताना स्टार्ट दाबलं की पात्रच बदलत असेल, तर तुम्ही खेळलात तो खेळ कॅपकॉमने तसा बनवलेला नव्हता. चॅम्पियन एडिशन या आधीच्या अधिकृत आवृत्तीच्या सर्किट बोर्डात परस्पर फेरफार करून विकलेली ती 'रेनबो' आवृत्ती होती. तिचा भन्नाट वेग लोकांना आवडतोय हे दिसल्यावर कॅपकॉमच्या अमेरिकी शाखेतून वेगवान अधिकृत आवृत्तीचा आग्रह धरला गेला. तो लावून धरणाऱ्यांत जेम्स गोडार्ड यांचं नाव येतं. त्यातून डिसेंबर १९९२ मध्ये स्ट्रीट फायटर २ ची हायपर फायटिंग आवृत्ती बाहेर आली, जपानमध्ये तिलाच टर्बो म्हणतात. हा लेख तिच्याकडे परत जाणाऱ्यांसाठी आहे.

परतणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते: "बोटं चालत नाहीत." बोटं चालतात. वेग वाढला की समोरचं बघून ठरवायला मिळणारा वेळ कमी होतो आणि जुनी सवय तो वेळ गृहीत धरून बसलेली असते. म्हणून आधी यंत्रातला उशीर काढायचा, मग चाली हळू वेगात बसवायच्या आणि शेवटी कुठली गोष्ट बघून करायची, कुठली अंदाजाने, हे ठरवायचं. हा क्रम उलटा केलात तर महिनाभर खेळूनही हात तिथेच राहतो.

कुठली प्रत घ्यावी

आज विकत घ्यायला सोपी अशी दोन संकलनं आहेत. २०१८ चं स्ट्रीट फायटर ३० वी ॲनिव्हर्सरी कलेक्शन पीसी, प्लेस्टेशन ४, एक्सबॉक्स वन आणि स्विचवर मिळतं. त्यातल्या १२ खेळांपैकी ऑनलाइन लढत फक्त चार खेळांना आहे आणि हायपर फायटिंग त्यांपैकी एक. कॅपकॉम आर्केड स्टेडियममध्येही हा खेळ आहे. तिथे खेळाचा वेग कमी-जास्त करता येतो आणि मागे गुंडाळताही येतं. माणसांशी लढायचं असेल तर पहिलं, हात बसवायचा असेल तर दुसरं. एकच घ्यायचं झालं तर आम्ही दुसऱ्यापासून सुरुवात करायला सांगू, कारण वेग कमी करण्याची सोय सरावात सोन्यासारखी आहे.

सुपर निन्टेन्डोची १९९३ ची टर्बो कॅसेट हा वेगळाच मजेचा मामला आहे. २० मेगाबिटच्या त्या कॅसेटमध्ये नॉर्मल आणि टर्बो असे दोन प्रकार आहेत. नॉर्मलमध्ये चॅम्पियन एडिशनसारखा खेळ चालतो. टर्बोमध्ये वेग ताऱ्यांनी निवडायचा, नेहमीच्या मेनूत चार ताऱ्यांपर्यंत, आणि गुप्त कोड टाकला की दहापर्यंत. दहा तारे गंमत म्हणून एकदा बघावेत, सराव त्यावर करू नये. २०१७ च्या छोट्या सुपर निन्टेन्डो क्लासिकमध्येही हाच खेळ भरलेला आहे. जुना कन्सोल विकत घेताना तो पाल आहे की एनटीएससी (टीव्हीच्या या दोन वेगळ्या पद्धती) हे विचारा. पाल यंत्र सेकंदाला ६० ऐवजी ५० वेळा चित्र काढतं, त्यामुळे अनेक खेळ तिथे सुमारे सहाव्या भागाने हळू चालतात. वेगासाठी घेतलेल्या खेळात हा तोटा परवडणारा नाही.

मूळ बोर्ड घेणाऱ्यांसाठी एवढंच: हा कॅपकॉमचा सीपीएस-१ बोर्ड आहे. जामा जोडणीतून (पार्लरच्या यंत्रांची ठरलेली जोडणी) फक्त तीन पंच येतात, तीन किकसाठी वेगळी वायर-जोडणी लागते. ती नसेल तर पंच चालतात आणि किक मुळीच चालत नाहीत. बोर्ड बिघडलाय असं समजून तो परत पाठवण्याआधी ही वायर तपासा.

उशीर मोजा

खेळ सेकंदाला सुमारे ६० फ्रेम, म्हणजे चित्रं, दाखवतो, म्हणजे एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची. टीव्हीने १०० मिलिसेकंद खाल्ले तर सहा फ्रेम गेल्या. माणसाला काहीतरी दिसून बटण दाबायला पाव सेकंदाच्या आसपास लागतो, म्हणजे पंधरा-एक फ्रेम. त्यात आणखी सहा मिळवा. समोरच्याची उडी दिसून शोरयुकेन (वर उसळून मारायचा पंच) मारायचं आहे, आणि उडी त्याआधीच संपते. हायपर फायटिंगमध्ये हे जास्त जाणवतं, कारण इथे उडी मुळातच लवकर उतरते आणि टीव्ही मात्र पूर्वीइतकाच वेळ खातो.

मोजायला स्लो-मोशन असलेला फोन पुरतो. सेकंदाला २४० चित्रं घेणारा मोड लावा. कंट्रोलर आणि पडदा दोन्ही दिसतील असा फोन टेका आणि हलका पंच पाच-सहा वेळा दाबा. मग चित्रफीत एकेक चित्र पुढे सरकवत, अंगठा बटणात पूर्ण दबल्यापासून पात्र हलेपर्यंतची चित्रं मोजा. प्रत्येक चित्र ४.२ मिलिसेकंदांचं. २४ चित्रं आली तर १०० मिलिसेकंद. एकदाच मोजू नका, पाच वेळांची सरासरी घ्या, कारण दर वेळी आकडा थोडा पुढेमागे होतो. सरासरी २० चित्रांच्या आत असेल तर खेळायला लागा. तिसाच्या वर असेल तर आधी खालच्या गोष्टी करा.

टीव्हीचा गेम मोड चालू करा आणि चित्र गुळगुळीत करणारे सगळे पर्याय बंद करा, सगळ्यात जास्त वेळ तेच खातात. केबल साउंडबारमधून न नेता थेट टीव्हीत लावा. कंट्रोलर वायरने जोडा. लॅपटॉप असेल तर चार्जर लावून खेळा, खेळ पूर्ण पडद्यावर चालवा आणि व्ही-सिंक (चित्र पडद्याच्या गतीशी जुळवणारा पर्याय) बंद करून एकदा पुन्हा मोजा. चित्र मधूनच फाटल्यासारखं दिसलं तर व्ही-सिंक परत लावा, तेवढा तोटा सोसावा लागतो.

आणखी एक, जे उशिरात मोडत नाही पण तितकंच नडतं: पडद्याचा आकार ४:३ ठेवा. मूळ चित्र ३८४ बाय २२४ ठिपक्यांचं, पण ते ४:३ पडद्यासाठी काढलेलं आहे. रुंद पडद्यावर ताणलं की पात्रं जाडी होतात आणि आडवं अंतर वाढल्यासारखं वाटतं. या खेळात "किती दूर उभं राहायचं" हाच अर्धा खेळ आहे, आणि ते माप डोळ्यांत चुकीचं बसतं.

बटणं आणि दिशा

सहा बटणं तीन-तीनच्या दोन ओळींत: वर हलका, मध्यम, जोराचा पंच, खाली त्याच क्रमाने किक. सुपर निन्टेन्डोच्या कंट्रोलरवर मूळ मांडणी वाय, एक्स, एल हे पंच आणि बी, ए, आर या किक अशी आहे. जोराचे फटके खांद्यावरच्या बटणांवर गेल्याने पहिले काही दिवस तर्जनी अडखळते. आजच्या कंट्रोलरवर दोन्ही जोराची बटणं उजव्या खांद्यावर एकाखाली एक ठेवा, म्हणजे एकाच बाजूच्या बोटांना सवय लागते.

आता हाडोकेन जवळून बघू: खाली, खाली-पुढे, पुढे, आणि पुढे पोचताच पंच. चुका ठरलेल्या आहेत आणि प्रत्येक चूक पडद्यावर स्वतःची ओळख देते. बसून पंच निघाला तर बटण लवकर दाबलं, अंगठा अजून खाली-पुढे होता. उभ्याने पंच निघाला तर एकतर बटण फार उशिरा दाबलं, किंवा अंगठ्याने खाली-पुढेचा कोपरा गाळला आणि खालून थेट पुढे उडी मारली. कोपरा गाळण्याची चूक डी-पॅडवर (कंट्रोलरवरच्या दिशांच्या बटणावर) जास्त होते. अंगठा उचलून टेकवू नका, पॅडवर टेकलेला ठेवून लोळवा.

शोरयुकेन म्हणजे पुढे, खाली, खाली-पुढे आणि पंच. इथे उलटी चूक होते. घाईत अंगठा शेवटी खाली-पुढेवर न थांबता पुढेपर्यंत घसरतो आणि चाल कधी कधी गडबडते. चौकोनी गेट (दांड्याभोवतीची चौकट) असलेल्या जॉयस्टिकवर हे टाळणं सोपं: दांडा कोपऱ्यात अडकल्याची टक्क ऐकू येते, त्या आवाजावर पंच दाबा. दुसरी अडचण चालत असताना येते. तुम्ही पुढे चालत हाडोकेन टाकायला जाता तेव्हा हातून पुढे, खाली, खाली-पुढे, पुढे असं जातं. खेळाला त्यात शोरयुकेन सापडतं आणि तुम्ही समोरच्यापासून लांब, हवेत, उघडे पडता. उपाय साधा आहे. चालणं सोडा, दांडा क्षणभर मधोमध येऊ द्या, मग खाली. या क्षणभराची सवय हळू वेगातच लावून घ्या.

बटण सोडणंही या खेळात मोजलं जातं. दिशा पूर्ण झाल्यावर पंच दाबून धरलेला असेल आणि तो सोडलात तरी हाडोकेन सुटतो. हे माहीत नसेल तर "मी दाबलंच नव्हतं" असं वाटत राहतं. माहीत असेल तर दाब आणि सोड अशा दोन संधी एका बटणात मिळतात.

गाईल, ब्लँका, होंडा या पात्रांच्या चाली धरून ठेवण्याच्या आहेत: मागे किंवा खाली साधारण एक सेकंद धरा, मग विरुद्ध दिशा आणि बटण. जुनी सवय असलेले इथे फार जास्त वेळ धरून बसतात. उडी मारतानाच, फटका मारतानाच खाली-मागे धरायला लागा, म्हणजे पाय टेकेपर्यंत बराचसा वेळ भरून झालेला असतो.

वेग वाढवण्याची पायरी

वेग सर्वांत कमी ठेवा. समोर दुसरा कंट्रोलर लावून कोणी न हलणारं पात्र उभं करा, किंवा ट्रेनिंग मोड असेल तर तो घ्या. एक चाल २० वेळा, तोंड उजवीकडे ठेवून. मग तीच २० वेळा, डावीकडे तोंड करून. दोन्ही बाजूंना किमान १६ निघाल्या की वेग एक पायरी वाढवा. एका बाजूला १८ आणि दुसऱ्या बाजूला ११ असं येणं फार सामान्य आहे. कमजोर बाजू १६ ला येईपर्यंत वेग वाढवायचा नाही. एका वेळी दोनच चाली घ्या, दिवसाला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. मनगट दुखायला लागलं की त्या दिवशी थांबा. वेग वाढला की माणूस दांडा घट्ट धरतो, आणि घट्ट धरला की कोपरे गळतात.

संगणकाशी खेळून आत्मविश्वास येतो, पण त्याची नक्कल करू नका. संगणकाचा गाईल पुढे चालत चालत सोनिक बूम (त्याचा लांब जाणारा मारा) सोडतो. माणसाला ते शक्य नाही, त्याला मागे धरावंच लागतं.

नवीन काय आलं

पात्रं चॅम्पियन एडिशनचीच १२ आहेत, चारही बॉस निवडता येतात, कपड्यांचे रंग नवे. चाली मात्र वाढल्या. रियू आणि केनला फिरती लाथ हवेतून मारता येते. समोरच्याने कोपऱ्यात दाबलं असेल तर मागे उडी मारून हवेत खाली, खाली-मागे, मागे आणि किक. चुन-लीला किकोकेन हा लांबून सोडायचा गोळा मिळाला आणि तिची फिरकी लाथही हवेत चालते. ब्लँका सरळ वर लोळतो, होंडा वर उडून खाली बसतो, दोघांचीही चाल खाली धरून वर आणि किक. झँगीफला तीन किक एकदम दाबून वेगवान गिरकी मिळते आणि तिच्यातून तो हाडोकेनच्या आरपार जातो.

धालसिमबद्दल थोडं जास्त लिहायला हवं, कारण भारतातून आलेलं हे पात्र जुन्या आवृत्तीत हळू म्हणून अनेकांनी सोडून दिलं होतं. इथे त्याला योगा टेलिपोर्ट मिळालं: शोरयुकेनची दिशा, पुढून किंवा मागून, आणि तीन पंच किंवा तीन किक एकदम. दिशा आणि बटणांच्या जोडीवर तो कुठे उमटेल ते ठरतं. चारही जोड्या एकदा मोकळ्या पडद्यावर करून बघा. तीन बटणं खरोखर एकदम दाबली गेली नाहीत तर साधा लांब हात निघतो आणि तो हात परत येईपर्यंत धालसिम मार खातो. बोटं आधीच तिन्ही बटणांवर टेकवून ठेवा, दिशा नंतर करा.

मूळ आठांपैकी फक्त गाईलला नवी चाल नाही. तरीही तो या आवृत्तीत वरच्या फळीत आहे, कारण वेग वाढल्याने सोनिक बूममागून चालत येणं आणखी जाचक झालं. बायसन (लाल गणवेशातला शेवटचा बॉस) आणि सगाट चॅम्पियन एडिशनपेक्षा थोडे नरम केलेले आहेत.

जपानी खेळाडूंच्या लढती बघणार असाल तर नावांचा गोंधळ लक्षात ठेवा. जपानमध्ये बॉक्सरचं नाव एम. बायसन, पंजेवाल्याचं बालरॉग आणि लाल गणवेशातल्या शेवटच्या बॉसचं वेगा. बॉक्सर माइक टायसनसारखा दिसतो आणि नावही तसंच, म्हणून बाहेरच्या देशांसाठी तिन्ही नावं फिरवली गेली.

माणसासमोर

परतताना रियू घ्या. त्याच्याकडे या खेळाचं सगळं व्याकरण आहे. एका वेळी पडद्यावर तुमचा एकच हाडोकेन असू शकतो, त्यामुळे तो कुठल्या पंचाने सोडायचा याला अर्थ येतो. हलक्या पंचाचा हळू जातो. तो सोडून त्याच्यामागून चालत जा. समोरच्याला त्याला अडवावं लागतं किंवा उडी मारावी लागते, तोवर तुम्ही फटक्याच्या अंतरात पोचलेले असता. जोराच्या पंचाचा वेगाने जातो आणि लवकर संपतो, म्हणून दुसरा लवकर सोडता येतो. लांब असताना दोन्ही मिसळा. एकाच लयीत तीन सोडलेत की चौथ्यावर उडी येणार हे धरून चाला, आणि चौथा सोडूच नका, शोरयुकेनसाठी थांबा.

हा या वेगातला महत्त्वाचा बदल आहे. जुन्या आवृत्तीत उडी दिसल्यावर ठरवता यायचं. इथे उडीची वेळ आधी ओळखायची आणि डोळ्यांनी फक्त खात्री करायची. शोरयुकेन जमत नसेल तर बसून जोराचा पंच मारा. समोरच्याचा पाय खाली झुकायला लागला की दाबायचा. नुकसान कमी होतं, पण दिशा चुकण्याची भीती नाही.

उडी मारून आत शिरलात तर दोन साखळ्या (एकामागोमाग लागणारे फटके) पुरेत: हवेतून जोराची किक, बसून मध्यम किक, हाडोकेन, किंवा हवेतून जोराचा पंच, जवळून जोराचा पंच, हाडोकेन. हवेतला फटका उशिरा, समोरच्याच्या छातीशी यायला हवा. डोक्यावर लागला तर पाय टेकेपर्यंत तो सावरतो आणि साखळी तुटते. पडद्यावर फटक्यांचा आकडा येत नाही, ती सोय १९९३ च्या सुपर आवृत्तीत आली. म्हणून साखळी लागली की नाही हे समोरचा मधे अडवण्याच्या पवित्र्यात गेला का यावरून ओळखा.

पकडीबद्दल सावध राहा. अगदी जवळून पुढे किंवा मागे धरून मध्यम वा जोराचा पंच दाबला की रियू उचलून टाकतो, आणि यातून सुटायची सोय या आवृत्तीत नाही. पकड सैल करण्याची सोय १९९४ च्या सुपर टर्बोत आली. त्यामुळे हलका फटका अडवायला लावून लगेच पकडण्याची चाल इथे फार चालते. करताना चूक एकच होते: घाई. समोरचा अडवण्याच्या झटक्यात असेपर्यंत पकडता येत नाही, तेव्हा दाबलेला पंच साधा पंच म्हणून निघतो आणि समोरचा तोही अडवतो. हलक्या पंचानंतर एक पाऊल टाकायचं, मग दाबायचं. स्वतःवर ही चाल आली तर त्या एका पावलाच्या जागी शोरयुकेन घाला. झँगीफ समोर असेल तर तेवढीही वाट बघू नका, आधीच मागे सरका. त्याचं पूर्ण चक्र आणि पंच तुमच्या साध्या पकडीपेक्षा लांबून पकडतं. झँगीफ तुम्ही स्वतः खेळत असाल तर चक्र जमिनीवर सुरू करू नका, वरची दिशा येताच तो उडी मारतो. उडीत असतानाच चक्र फिरवा आणि पाय टेकताना पंच द्या.

ऑनलाइन खेळताना वायफाय सोडून लॅन केबल लावा आणि पहिल्या फेरीत फक्त उडीवर बसून जोराचा पंच मारून बघा. दहापैकी सात बसले तर जोडणी ठीक आहे, शोरयुकेनवर जा. बसत नसतील तर ती लढत लांबूनच हाडोकेनवर खेळा, जवळचा खेळ त्या दिवशी नको.